समोर काय लावलंय?

प्रिय दादा,

अकरा दिवस झाले, रोज सकाळी ठरवते की आज दादाला लिहायचं, आणि रोज काहीतरी निघतं. पहिल्या दिवशी कागद नव्हता. दुसऱ्या दिवशी कागद होता तर पेनातली शाई वाळलेली. तिसऱ्या दिवशी दोन्ही होतं, मग मी उगीचच ब्रश धुवायला घेतले, जे आदल्या दिवशीच धुतले होते. थापा मारण्यात अर्थ नाही. टाळत होते. तुझी दोन कार्डं वर्षभर माझ्या पेटीत पडून आहेत, त्यांनाही उत्तर दिलं नाही. 'बरी आहेस ना, एवढं तरी कळव' असं तू लिहिलं होतंस. बरी आहे. आता काय शिव्या द्यायच्या त्या दे, मी इथे बसून ऐकून घेते.

पण येत्या गुरुवारी तू चौकशी समितीपुढे जबाबावर सही करणार आहेस असं वाचलं, म्हणून आज सगळी सोंगं बाजूला ठेवली. हे पत्र त्याच्या आत तुला मिळायला हवं. इथला पहारेकरी दुपारी पोस्टात जातो, त्याला थांबवून ठेवलंय. तो दाराशी बसून किल्ल्यांचा जुडगा वाजवतोय, म्हणजे आवर बाई, असं सांगतोय.

पहारेकरी कुठला, ते सांगायचं राहिलंच. मी सध्या एका नाट्यगृहात खुर्च्यांवर आकडे रंगवते. चारशे बारा खुर्च्या, प्रत्येकीच्या पाठीवर एक आकडा. आज एकशे एकोणचाळीसपर्यंत आलेय. इथे एक मांजर आहे, ती दर वेळी नेमक्या ओल्या आकड्याच्या खुर्चीवर झोपते आणि पाठीवर उलटा आकडा घेऊन गावभर हिंडते. काल ती शहाण्णव होती. तू म्हणशील, चौकशी कुठे, मांजर कुठे. माझं असंच आहे, तुला ठाऊक आहे. नववीतून शाळा सुटली ती याच गुणांमुळे. तूच माझं नाव भिंगरी ठेवलंस आणि ते पायालाच बांधून दिलंस.

पेपरात काय आलंय ते तू वाचलं असशीलच. तुमची बँक म्हणे 'अफवेमुळे' बुडाली. अफवा! वाचून माझं डोकंच फिरलं. अफवा काय दिवसाला तीनदा त्या कर्जबुडव्या गोदामवाल्याच्या गाडीत बसून बँकेच्या पायरीशी यायची? अफवेने काय सही केली त्याच्या कर्जावर? आणि खालच्या ओळीत तुझा उल्लेख, 'कर्ज विभागातील एक अधिकारी'. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ते मी पहिल्यांदाच छापलेलं बघितलं.

मी तुझ्याकडे आठ दिवसांसाठी आले आणि चौदा महिने राहिले, ते दिवस आठवतात तुला? खोटं कशाला बोलू, समोर नवी बँक उघडली तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मला झाला होता. तुमची जुनी बँक म्हणजे दवाखान्याचा व्हरांडा होता रे. लाकडी बाक, त्यावर माणसं दीड-दीड तास बसलेली, खिडकीतला कारकून मान वर न करता 'पुढच्या खिडकीत' म्हणायचा आणि पुढच्या खिडकीत कुणी नसायचंच. आपल्या खालच्या मजल्यावरच्या लॉन्ड्रीवाल्या मावशी पैसे भरायला जाताना विणकाम घेऊन जायच्या. एक स्वेटर अख्खा तुमच्या बाकावर झाला त्यांचा. आणि समोर, जिथे बुटांचं दुकान होतं तिथे, काचेची दारं, गार हवा, कुंड्या, आणि आत पाऊल टाकलं की उभं राहून नमस्कार करणारा टायवाला मॅनेजर, आपला टायसाहेब. महिन्याभरात तुमच्याकडेही खुर्च्या आल्या, पाण्याचा माठ आला, आणि 'पुढच्या खिडकीत' खरंच माणूस बसायला लागला. दुकानासमोर दुकान असावं, असं मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते. राग त्याचा नाही.

राग पाटीचा आहे.

तुमच्या दाराशी ती लाकडी पाटी होती. ठेवीवर शेकडा किती व्याज मिळेल ते पत्र्याच्या आकड्यांनी लावायचं. शनिवारी आकडे काढायचे, पुसायचे, सोमवारी सकाळी परत लावायचे. ते काम तू मला मिळवून दिलंस. पोरगी उंच आहे, शिडीवर भीत नाही, आणि रिकामी बसली की पळून जाते, असं तू तुमच्या मॅनेजरला, मोठ्या साहेबांना, सांगितलं होतंस. पुढे टायसाहेबांनी मला शिडीवर बघितलं आणि त्यांच्या पाटीचं कामही मलाच दिलं. वेगळा माणूस ठेवण्यापेक्षा स्वस्त, आणि वर समोरची बातमीही फुकट, असा त्यांचा हिशेब असणार. तुमची चिठ्ठी पिवळी, त्यांची पांढरी. पिवळीवर तू आकडा लिहायचास, मोठे साहेब खाली सही करायचे. काम झालं की चिठ्ठी परत तुमच्या फायलीत. आणि दर सोमवारी मी शिडी खांद्यावर घेतली की दोन्ही बाजूंनी एकच प्रश्न यायचा, "समोर काय लावलंय?" गिऱ्हाइकाला काय हवं, कुणी विचारत नव्हतं. आपल्याला काय परवडतं, तेही नाही. समोर काय लावलंय. अख्ख्या रस्त्यावर हा एकच विचार शिल्लक राहिला होता, आणि तो एका नववी नापास मुलीला शिडीखाली गाठून विचारला जायचा.

तरी तोवर दोघांचं पावशेर-अर्धशेर चाललं होतं. खरी शर्यत सुरू झाली ती त्या सोमवारी.

तो सोमवार मला घड्याळाच्या काट्यांसकट आठवतो, कारण त्या दिवशी पियानो उतरला. तुमच्या शेजारच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या संगीतशिक्षिका घर बदलत होत्या. जिन्यातून पियानो येईना म्हणून खिडकीची चौकटच काढली होती आणि सहा हमाल दोर लावून तो रस्त्यावर सोडत होते. काळाभोर पियानो हवेत, हळूहळू गोल फिरतोय, आणि शिक्षिका खाली उभ्या राहून हमालांना 'सावकाश, सावकाश' सांगतायत, जशी काही आत त्यांची आई बसलीय. मध्येच कुठेतरी धक्का लागला आणि त्यातून एक सूर आला. हवेतून. दादा, अशी गोष्ट माणसाला आयुष्यात किती वेळा बघायला मिळते? मी मान वर करूनच शिडी टेकली, मान वर करूनच पिशवीत हात घातला. तेव्हा दोन्ही बँकांचे आकडे मी एकाच पिशवीत घेऊन हिंडायची.

इथे थोडं थांबते. हात धुऊन येते, रंग लागलाय. नाही, रंग नाही लागला. पुढे लिहिते.

शनिवारी तू आणि मोठ्या साहेबांनी बसून ठरवलं होतं की काही झालं तरी सातच्या वर जायचं नाही. तू घरी येऊन खूश होऊन सांगितलंस मला, पावाला लोणी लावता लावता. तुझा तो हिशेब मी तेव्हा अर्धाच ऐकला होता, पण आता पाठ आहे. ठेवीवर नऊ द्यायचे तर कर्जावर चौदा घ्यावे लागणार. आणि चौदा द्यायला कोण तयार होतो? ज्याला दुसरीकडे कुणी दारात उभं करत नाही, तो. म्हणजे पाटीवरचा आकडा जेवढा वर, तेवढा दारातून आत येणारा माणूस खाली. मोठ्या साहेबांनाही हे पटलं होतं. एकोणीस वर्षं तुम्ही दोघं रोज चार वाजता एका किटलीतून दोन कप चहा पीत होतात, त्यांना न पटून कसं चालेल. तर पिवळ्या चिठ्ठीवर होतं 'सात, बदल नाही'. पांढऱ्यावर होतं साडेसात.

आणि सोमवारी सकाळी तुमच्या जुन्या बँकेच्या पाटीवर लागलं साडेसात.

समोरून टायसाहेब दारात आले. त्यांनी तुमची पाटी बघितली आणि त्यांचा चेहरा असा झाला की जणू कुणी त्यांचा खिसाच उलटा केला. त्यांचाच आकडा तुमच्या दारावर! आपल्या ऑफिसातून बातमी फुटली असं त्यांना वाटलं असणार. मी रस्ता ओलांडून गेले तर त्यांनी चिठ्ठी मागितलीच नाही. नुसतं म्हणाले, "आठ लाव." मी आठ लावलं. मी कोण नाही म्हणणारी? तेवढ्यात मोठे साहेब बाहेर आले. स्वतःच्या दारावर साडेसात बघून त्यांनी तोंड उघडलं, मग समोरचे आठ बघितले आणि मिटलं. पियानो बघायला जमलेली माणसं आता पाट्या बघत होती, चारपाच जण तर आत शिरलेही. लॉन्ड्रीवाल्या मावशी हातातली इस्त्री सोडून रस्त्यावर आल्या होत्या. मोठ्या साहेबांनी तुझ्या खिडकीकडे एकदा पाहिलं. तुझं टेबल खिडकीशीच होतं. तू खाली मान घालून काहीतरी लिहीत होतास. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "सव्वाआठ." आणि आत गेले.

कुणी विचारलं नाही, दादा. साडेसात कुणी सांगितलं, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही, दुसऱ्या दिवशी नाही, कधीच नाही. एवढ्या मोठ्या दोन बँका, त्यांत शिकलेली, चष्मे लावलेली माणसं, आणि एका पत्र्याच्या आकड्याला घाबरून धावत सुटली. वळून विचारायला कुणाला वेळ नव्हता. मी शिडीवरून उतरले, पिशवीत बघितलं तर तळाशी तुमचा सात. काय झालं ते मला तिथेच कळलं. आणि तुझ्यापासून काय लपवू, मला हसू आलं. एवढी मोठी माणसं फसली म्हणून. पियानोही सुखरूप उतरला होता. दिवस चांगला होता.

त्या संध्याकाळी तू दोन कापडी पिशव्या घेऊन आलास. एक पिवळी, एक पांढरी. मावशींकडून वाटेत शिवून घेतल्या होत्यास, दोरे अजून लोंबत होते. म्हणालास, "दोन घरांचं सामान एका पिशवीत ठेवू नये." आणि जेवायला बसलास. मी मनात म्हटलं, आला याचा नीटनेटकेपणा. तुझ्या खणात पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे झोपलेल्या असतात.

पुढचं तुला माहीतच आहे, पण मला लिहू दे. दर महिन्याला एखाद्या सोमवारी पाव टक्का, अर्धा टक्का. पाच महिन्यांत पावणेदहा. लोकही काय लोक! मावशी सकाळी तुमच्याकडून पैसे काढून समोर नेऊन ठेवायच्या, आणि पुढच्या महिन्यात समोरून काढून परत तुमच्याकडे. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी साठवलेले पैसे, आणि त्यांच्यासाठी त्याच गुडघ्यांनी रस्ता ओलांडायचा. मी थट्टा करायची, मावशी, अशाने ऑपरेशनचा खर्च वाढेल. त्या म्हणायच्या, पाटीवर लिहिलंय ते खोटं कसं असेल, तूच तर लावतेस.

आणि आलेल्या ठेवींवर व्याज द्यायचं तर कर्ज द्यायलाच हवं, कुणालाही, कसंही, लवकर. आधी कर्जाला तीन आठवडे लागायचे. समोरच्यांनी तीन दिवस केले, तुम्ही दोन केलेत, त्यांनी एक केला. एका दिवसात माणूस चप्पल निवडत नाही रे. तू मात्र तुझ्याच चालीने चाललास. कर्ज मागणाऱ्याकडे जेवणाच्या सुट्टीत जायचं, साहेबाच्या खोलीत बसायचंच नाही, कामगार कुठे बसून खातात, काय बोलतात ते बघायचं. म्हणून तर तुला बँकेत नकारघंटा म्हणायचे. त्या थंड गोदामाची गोष्ट तू मला सांगितलीस तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या. गोदामवाला तुला यंत्रं दाखवत होता, कागद दाखवत होता, आणि तू बघत होतास दाराशेजारच्या खुंट्या. जेवणाची सुट्टी, म्हणजे कोट खुंट्यांवर हवेत; तीस खुंट्या आणि लोकरी कोट दोनच. आत खरंच थंडी असती तर तीस माणसांनी कोटांशिवाय काम केलं असतं का? दरवान तर पातळ सदऱ्यात उभा होता. तू तिथेच समजलास की गोदाम बंद पडलंय, दाखवण्यापुरती नुसती दाराजवळची जागा थंड ठेवलीय. आणि 'नाही' लिहून आलास.

गोदामवाला हसला म्हणे. समोरचे आजच देतायत, म्हणाला. आणि समोर जाऊन म्हणाला, ते पलीकडचे आजच देतायत. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं! दोन्हीकडून घेतलं त्याने, त्याच एका गोदामावर. समोरच्यांनी नुसता फोटो बघून दिलं. मोठ्या साहेबांनी तुझं 'नाही' बाजूला सारून अर्ध्या दिवसात सही केली, आणि तुझं टेबल खिडकीपासून उचलून मागे नेलं, जिथे कोरी पाकिटं आणि शिक्के ठेवतात. चार वाजताची किटली तर कधीच बंद झाली होती. त्या सोमवारपासूनच. मला वाटायचं, म्हातारा गर्विष्ठ आहे. एकोणीस वर्षांचा चहा बंद होतो आणि माणूस घरी येऊन आपला मुकाट कप धुतो, हे मी बघत होते.

गोदामवाला पळाला तेव्हा आधी समोरच्या दारात रांग लागली. तास झाला नाही तो तुमच्याही. तुमच्या रांगेतल्या निम्म्या लोकांना तर गोदाम कुठे आहे हेही माहीत नव्हतं. समोर रांग आहे म्हणून इथे रांग. तिथेही तोच प्रश्न, समोर काय चाललंय! मावशी सत्तेचाळिसाव्या होत्या, मी मोजलं. त्यांच्या आधी तेरा जण उरले तेव्हा दार बंद झालं. विणकाम काढून पायरीवर बसल्या. मला बघून जरा सरकल्या, मला जागा करून दिली.

मी बसले नाही. दुसऱ्या दिवशी पेटी उचलून गाडी पकडली. तुला सांगितलंही नाही. तू समजलास की माझ्या पायाला परत भिंगरी लागली. तसं नव्हतं, दादा. मला त्या पायरीवर मावशींच्या शेजारी बसवेना.

टायसाहेब कुठे आहेत माहीत आहे? रांग लागायच्या महिनाभर आधीच त्यांची बदली झाली. बढतीवर. ठेवी चौपट केल्या म्हणून. आता ते दुसऱ्या मोठ्या गावात नव्या भरतीच्या पोरांना शिकवतात म्हणे. काय शिकवत असतील? शिडी कुठे लावायची ते? वरच्या ऑफिसातले तपासनीस वर्षातून दोनदा यायचे, चहा पिऊन कपाटांच्या किल्ल्या मोजून जायचे. त्यांच्यातल्या एकानेही बाहेर येऊन त्या दोन पाट्यांकडे मान वर करून बघितलं नाही. ते सगळे शहाणे, आणि गुन्हेगार कोण, तर जो एकटा नाही म्हणत होता तो.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. अकरा दिवसांपूर्वी फरशीवर रंग सांडू नये म्हणून मी जुने पेपर पसरत होते, आणि गुडघा टेकला तो तुझ्या बातमीवर. समितीने विचारलं की ती शर्यत सुरू करणारा, त्या सोमवारचा साडेसातचा आकडा कुणी लावायला सांगितला. तू उत्तर दिलंस, 'मी.' मी चार वेळा वाचलं. मग त्या दोन पिशव्या आठवल्या. पिवळी आणि पांढरी, दोरे लोंबणाऱ्या. तू त्या सकाळी खिडकीतून सगळं बघितलं होतंस ना? मी मान वर करून पियानो बघत होते, आणि तू मला बघत होतास. मोठ्या साहेबांना वाटलं की तू त्यांच्या पाठीमागे आकडा बदललास, आणि तू त्यांना तसं वाटू दिलंस. का, तर खरं सांगितलं असतंस तर माझं काम गेलं असतं, आणि मी नुकतीच कुठेतरी टिकले होते. टिकावी म्हणून तू मित्र घालवलास, टेबल घालवलंस, आणि आता गुरुवारी नावही घालवायला निघालास! तुला कुणी सांगितलं होतं, दादा? माझी चूक माझी आहे. ती उचलून नेण्याचा हक्क तुला दिला कुणी? काडी मी लावली, पण गवत वाळवून दोन्ही बाजूंनी रचून ठेवलं होतं ते त्यांनी. तू 'मी' म्हणालास की समिती लिहिणार, एका अधिकाऱ्याचा चुकीचा निर्णय, आणि फाईल बंद करणार. गवताबद्दल कुणी चकार शब्द काढणार नाही. या नाट्यगृहासमोरही दोन बँका आहेत, रस्त्याच्या दोन बाजूंना. इथे आकडे विजेचे आहेत, शिडीही लागत नाही. काल एकीकडे साडेआठ होते, आज दुसरीकडे पावणेनऊ. म्हणून तू सही करायची नाहीस. मी बुधवारच्या गाडीने निघतेय आणि गुरुवारी समितीपुढे उभी राहून सांगणार आहे, पियानोसकट. पण मी मला ओळखते. मधल्या एखाद्या स्टेशनवर उतरून मी नाहीशी झाले, तर हे पत्र त्यांच्या टेबलावर ठेव. माणूस पळतो, कागद पळत नाही. म्हणून हे लिहिलंय.

थांब. पाकिटात घालत होते, तेवढ्यात पहारेकरी आत आला. म्हणतो, कुणी म्हातारे गृहस्थ आलेत, काठी टेकत, दोन गाड्या बदलून. बँकेच्या दारावर आकडे लावायची ती उंच मुलगी इथेच असते का, विचारतायत. मी पडद्याआडून पाहिलं. मोठे साहेब आहेत, दादा. निम्मे झालेत. मधल्या रांगेत बसलेत, सकाळीच रंगवलेल्या एकशे सदतीसला पाठ टेकून, आणि त्यांच्या हातात एक पिवळी चिठ्ठी आहे, तुझ्या अक्षरातली, त्या सोमवारचीच असणार. पहारेकऱ्याने सांगितलं की त्यांना माझ्याकडून काही नकोय, फक्त एक गोष्ट विचारायचीय. त्या सोमवारी साडेसात लावायला तुला कुणी सांगितलं होतं?

दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारतंय. मी जाते खाली.

तुझीच,
भिंगरी